हद्दीवरची भिंत आणि काकूंचं अळू

बेलापूरच्या पारसिक हिलवर प्लॉट उतारावर असतो आणि मालकाला बाग सपाट हवी असते. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझ्याकडे इथे बरेचदा घराआधी भिंतीचंच काम येतं. माती अडवणारी रिटेनिंग वॉल.

त्या प्लॉटची जमीन मागच्या हद्दीपर्यंत तीन मीटर उतरत होती. मालकांना अगदी हद्दीच्या रेषेवर तीन मीटरची काँक्रीटची भिंत हवी होती, मागे मुरमाचा भराव आणि वर दीड मीटरचं कंपाउंड. खालच्या जुन्या बंगल्यात एक काकू एकट्या राहतात. ड्रॉइंग करायच्या आधी शेजाऱ्यांना भेटून घेऊ, असं मी म्हटलं, तर मालक म्हणाले, "मॅडम, भिंत माझ्या हद्दीत. त्यांना कशाला विचारायचं? उगाच नाही म्हणायला वाव मिळतो."

मी त्यांना समजावलं. अशा भिंतीच्या पायाचा पुढचा भाग, ज्याला आम्ही टो म्हणतो, तो भिंतीच्या बाहेर येतो. रेषेवर भिंत बांधली तर टो काकूंच्या जमिनीत जाणार. मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवलेली वीप होल्स काकूंच्या अंगणातच उघडणार. वरून आपोआप वाहत येणारं पाणी खालच्याने येऊ द्यावं, हे १८८२ च्या ईझमेंट कायद्यातही, म्हणजे शेजारच्या जमिनीबाबतच्या हक्कांच्या कायद्यातही आहे. पण भराव घालून, पाणी गोळा करून ते शेजाऱ्याकडे धारेने सोडणं ही वेगळी गोष्ट. मालक नाखुशीनेच तयार झाले.

मे महिन्यातली सकाळ होती. हद्दीवर दोन बांबू उभे करून साडेचार मीटरवर दोरी बांधायला मी माणसांना सांगितलं. कागदावरच्या उंचीवरून भिंत किती मोठी दिसेल हे कुणालाच नीट कळत नाही. मग आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. ओट्यासमोरच्या खिडकीतून दोरी बघायला मान वर करावी लागत होती. मालकांनी ती बघितली आणि काही बोलले नाहीत. काकू एवढंच म्हणाल्या, "सकाळचं ऊन जाईल ना हो माझं." डावीकडचे शेजारी निवृत्त गृहस्थ. त्यांची काळजी वेगळी होती. पायासाठी खोदताना त्यांच्या बाजूची माती ढासळली तर? तो प्रश्न रास्तच होता. आपल्या जमिनीला शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळणं हाही त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे. सलग न खोदता एकाआड एक पट्टा खोदायचा, आणि आधी त्यांच्या भिंतींवरच्या जुन्या तड्यांचे तारखेसह फोटो काढायचे, असं ठरलं.

खरी गोष्ट काकूंनी निघताना सांगितली. आम्हाला त्या मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी घेऊन गेल्या. "इथे बघा. पाऊस दोन दिवस थांबला तरी इथनं पाणी येतच असतं. हे अळू मी लावलेलं नाही, आपलं आपण आलंय. आजूबाजूचं सगळं वाळलं तरी हे मार्चपर्यंत हिरवं असतं." मेच्या उन्हात तिथे काहीच दिसत नव्हतं. सुकलेले देठ आणि तडकलेली माती. कुठल्याही सर्व्हेत ही जागा आली नसती.

त्या जागेच्या अगदी सरळ वर, मालकांच्या बाजूला, आम्ही ट्रायल पिट, म्हणजे खालचे थर बघायला एक खड्डा घेतला. वर सुटा मुरूम आणि खाली काळा पाषाण, तोही काकूंच्या अंगणाकडे उतरता. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं, पाषाणावर अडतं आणि त्याच्या उतारावरून पुढे सरकत काकूंच्या अळवाशी बाहेर येतं. भिंत नेमकी त्या वाटेवर उभी राहणार होती.

मालकांसमोर मी आकडे मांडले. तीन मीटर उंचीमागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीला रेटा साधारण पावणेतीन टन. मागे पाणी वरपर्यंत साचलं तर तोच सहा टनांच्या आसपास जातो. २०१९ च्या जुलैमध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून माणसं गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. भिंत मातीपेक्षा पाण्याने जास्त पडते, हे मी प्रत्येक साइटवर सांगते. या वेळी काकूंचं अळू डोळ्यांसमोर असल्यामुळे ते लगेच पटलं.

भिंतीचे दोन टप्पे झाले, दीड-दीड मीटरचे. वरच्या टप्प्याचा भार खालच्यावर येऊ नये म्हणून मध्ये तीन मीटरचा झाडांचा पट्टा ठेवला. बागेतली तेवढी सपाट जागा गेली आणि मालकांना ते जड गेलं, हे मी लपवत नाही. खालची भिंत हद्दीपासून आत घेतली, म्हणजे टोही आपल्याच जमिनीत आणि पुढ्यात गटारालाही जागा. वीप होल्सचं पाणी त्या गटारात पडतं. मागे खडीचा थर, माती अडवून पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि तळाशी छिद्रांचा पाइप. सगळं पाणी बाजूने रस्त्याच्या गटाराला नेलं. वर कंपाउंडऐवजी जाळीचं कुंपण आलं.

दोन्ही शेजाऱ्यांनी ड्रॉइंगवर सह्या केल्या. काकूंनी आधी एक अट लिहून घेतली, गटार आणि पाइप दर मे महिन्यात मालकांनी साफ करायचे. त्याखाली मालकांनी आपल्या हाताने लिहिलं, "साफ करताना काकूंना बोलावून दाखवीन."

खोदकाम दिवाळीनंतर झालं. पहिल्याच जुलैत पाइपमधून पाणी धो धो आलं आणि पाऊस उघडल्यावरही वाहत राहिलं. धुण्याच्या दगडापाशी ओल कमी झाली, पण थांबली नाही. थोडं पाणी पाषाणाच्या भेगांतून भिंतीच्या खालून जात असणार. त्यासाठी काकूंच्या बाजूने एक चर काढायचा आहे. खर्च मालक करणार आहेत. चर अळवाच्या वरच्या अंगाने न्यायचा की खालच्या, यावर दोघांचं अजून एकमत व्हायचंय.