रेडिएटरचं झाकण आधी तपासा

मे महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. नांगरटीत ट्रॅक्टरचं पाणी उकळायला लागलं की लोक थेट रेडिएटर खोलायला निघतात. आधी झाकण बघा.

झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर झाकण साधारण तेवढे बार (दाबाचं एकक) जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी साधारण ११८ अंशांना उकळतं. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर कडक होऊन तडकलं, की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

गरम इंजिनवर झाकण उघडूच नका, वाफेने तोंड-हात भाजतात. रेडिएटरचा वरचा होस (रबरी पाइप) हाताला थंड लागला की जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग दाबून काढा.

आता उलटं करून बघा. मधली छोटी चकती नखाने ओढली की उघडून परत बसली पाहिजे. ती अडकली, तर इंजिन थंड होताना बाजूच्या ओव्हरफ्लो बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत येत नाही आणि वरचा होस चपटा होतो. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी भरणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं, पांढरा क्षार तिथेच साचतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा.

नवीन झाकण त्याच आकड्याचं आणि तेवढ्याच खोलीचं (काठापासून खालच्या रबरापर्यंतचं अंतर तेवढंच) घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने होस फाटतात. बसवण्याआधी रेडिएटरच्या तोंडाची कड ओल्या फडक्याने पुसा. तिथे खड्डा पडला असेल तर नवं झाकणही गळेल.