तळ कोरडा, झाकण ओलं

विमा कंपन्यांची वकिली करतो म्हटलं की समोरचा जरा सावरूनच बसतो. पैसे बुडवणाऱ्यांचा वकील! प्रत्यक्षात माझी निम्मी ताकद स्वतःच्याच पक्षकाराशी हुज्जत घालण्यात जाते. लवादापुढच्या त्या तारखेला तर सगळीच गेली.

दावा गोदामातल्या पुस्तकांचा. वादळी रात्री आत पाणी शिरलं, आणि त्याच रात्री आगीसाठी बसवलेल्या स्प्रिंकलरचा पाइपही फुटला. पॉलिसीत पूर वगळलेला, स्प्रिंकलरची गळती मात्र समाविष्ट. कंपनीने पुराकडे बोट दाखवून दावा सरसकट नाकारला होता. माझी भिस्त लेलँड शिपिंगच्या १९१८च्या निकालावर. टॉर्पेडो लागलेलं जहाज कसंबसं बंदरात आलं, तिथे वादळात धक्क्यावर आपटत राहिलं आणि अखेर बुडालं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं, खरं कारण टॉर्पेडोच. युद्धाची जोखीम वगळलेली असल्याने विमा कंपनी सुटली. आमच्या बाजूच्या वकिलांचा हा लाडका निकाल.

सुनावणीआधी सर्व्हेअरचे, म्हणजे कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्याचे, फोटो पुन्हा चाळले. खालच्या फळीवर चिखलाची रेघ, पट्टीने आखल्यासारखी. तिच्याखालचा माल पुराने गेला, प्रश्नच नाही. पण चौथ्या फळीवरच्या खोक्यांची झाकणं भिजून खचलेली आणि तळ कोरडे!

सर्व्हेअर म्हणाला, "कागद पाणी वर ओढतो."

"लोखंडी रॅक ओलांडून? आणि तळ न भिजवता?"

तो कागदपत्रं चाळू लागला.

एक्सक्लूजन, म्हणजे पॉलिसीतून वगळलेली जोखीम, लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. शिवाय लेलँडमध्ये जहाज एक, नुकसान एक. इथे पाणी दोन ठिकाणचं आणि भिजलेला मालही वेगवेगळा.

क्लेम्स मॅनेजरना बाहेर घेतलं. "साहेब, वरच्या फळ्यांचे पैसे द्या."

"मग नकाराचं पत्र ज्यांनी सही केलं, त्यांना काय सांगू?"

खरी अडचण ही होती. कायद्याची नव्हतीच.

"उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने हाच फोटो पुढे केला, तर सर्व्हेअरच्या एकाही शब्दावर लवाद विश्वास ठेवणार नाही. खालच्या मालाचं मग काय होईल, ते सांगा त्यांना."

मुख्य कार्यालयाशी बराच वेळ फोन चालला. शेवटी वरच्या फळ्यांचा दावा मान्य झाला. विरुद्ध बाजूचे वकील इतके संशयाने बघत होते, की लेखी हातात पडेपर्यंत हसलेही नाहीत.

उरली ऐन चिखलाच्या रेघेवरची खोकी. ती खालूनही भिजलेली, वरूनही. त्यांच्यासाठी मात्र लेलँड बाहेर काढावाच लागला, आणि त्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो.