तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माहेरची साडी’ मला का आवडत नाही

सिनेमाचा विषय निघाला की गप्पा शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडतात. मी सिनेमावेडी आहे हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. महोत्सवाच्या दिवसांत बँकेतून रजा टाकून दिवसाला तीन-तीन सिनेमे बघते, हेही ठाऊक आहे. मग कुणीतरी विचारतं, ‘सगळ्यात नावडता कोणता?’ मी ‘माहेरची साडी’ म्हणते आणि समोरचा चेहरा पडतो. ‘अहो काय बोलता! आमच्या आईनं पाच वेळा बघितलाय.’ परवा बँकेतल्या एकीनं तर डबा खाता खाता विचारलं, ‘आपल्या आयाबाया एवढ्या रडल्या, त्याचा तुम्हाला राग का येतो?’ प्रश्न मनाला लागला. तेव्हा सुट्टी संपत आली होती, धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज नीट सांगते.

साल 1991. मी दहा वर्षांची, बार्शीत राहायचो आम्ही. ‘माहेरची साडी’ लागला आणि गावात लग्नसराई असल्यासारखी गर्दी सुरू झाली. आसपासच्या खेड्यांतून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायच्या, भाकरी बांधून घेऊन. आमच्या घरातून आजी, आई, दोन काकू, मी आणि मावशी असे सहा जण गेलो. मावशी तेव्हा आमच्याकडेच होती. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ती एकटीच एसटीतून उतरून आली होती, हातात कापडी पिशवी. उजव्या हातावर कोपराखाली भाजल्याची खूण होती, उलथन्याच्या पात्याएवढी. घरात त्या खुणेबद्दल कुणी बोलत नसे.

थेटरात बायकांची बाजू वेगळी होती. मध्यंतरानंतर तिथं हुंदक्यांशिवाय काही ऐकू येईना. आजी पदर तोंडात धरून रडत होती. आईचा पदर ओला झाला तेव्हा तिनं माझ्या फ्रॉकला डोळे पुसले. मावशी माझ्या शेजारी होती. तिच्या मांडीवर शेंगदाण्याची पुडी. एकेक दाणा घ्यायची, दोन बोटांत चोळून साल काढायची आणि सोललेला दाणा परत पुडीत टाकायची. सिनेमा संपेपर्यंत पुडीतले सगळे दाणे पांढरे झाले होते. तिनं एकही खाल्ला नव्हता आणि ती रडलीही नव्हती.

घरी चालत येताना आजी म्हणाली, ‘बघ, त्या लक्ष्मीनं केवढं सोसलं. तुझं काय त्यापुढं?’

चौथ्या दिवशी मामा मावशीला सासरी पोचवून आला. रिकामी कशी पाठवायची म्हणून आईनं तिची ओटी भरली. नवी साडी दिली, हिरवी, बारीक काठाची.

तर हे असं आहे. कुणी म्हणेल, तुमच्या घरच्यांनी जे केलं ते सिनेमाच्या नावावर कशाला घालता? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच विचारत आले. सिनेमा आला नसता तरी मावशीला परत पाठवलंच असतं, त्या काळी तशीच रीत होती. पण सांगायला, समजवायला त्या दिवशी आमच्या घराला एक दाखला मिळाला, आणि तो दाखला सिनेमानं हातात ठेवला होता. मोठी झाल्यावर मी तो पुन्हा दोनदा नीट बघितला. राग कमी झाला नाही, उलट नेमका कशाचा राग येतो ते कळलं.

विजय कोंडके यांचा सिनेमा. अलका कुबल यांची लक्ष्मी, उषा नाडकर्णी यांची सासू, विक्रम गोखले यांनी केलेला बाप, अजिंक्य देव भाऊ. कामं सगळ्यांची ताकदीची आहेत आणि अलका कुबल यांच्याबद्दल मला आदर आहे. माझं भांडण कथेशी आहे. मुलीला जन्म देताना आई जाते म्हणून बाप त्या मुलीचं तोंड बघत नाही. इथूनच सगळं सुरू होतं. पण सिनेमा आपल्याला बापाचा राग येऊ देत नाही, सगळा राग सासूवर काढायला लावतो. सासू इतकी दुष्ट केली आहे की घरातले बाकीचे सगळे सुटतात. शेवटी बापाला उपरती होते, तो रडतो, आपणही रडतो आणि त्या रडण्यात त्याला माफी मिळून जाते. मुलगी मात्र गेलेली असते. माहेरची साडी तिला मिळते ती अंगावर घालायला ती उरलेली नसताना, आणि सिनेमाच्या हिशेबी तिच्या जन्माचं सार्थक होतं ते नेमकं तिथं. सोसलं म्हणून ती मोठी. तिनं एकदा तरी ताट भिरकावलं असतं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं असतं, तर त्या ट्रॉल्या भरून आल्या असत्या का? मला नाही वाटत.

रडणाऱ्या बायकांचा राग मला कधीच नव्हता, हे त्या मैत्रिणीला मुद्दाम सांगायचंय. आजीला घरात रडायला जागा नव्हती. सकाळी पाण्यापासून रात्री ओट्यापर्यंत तिच्याभोवती कायम कुणीतरी असायचं, आणि डोळ्याला पदर लावला की ‘काय झालं?’ असा दरडावून प्रश्न यायचा. थेटरात अंधार होता. तीन तास कुणी काही विचारत नव्हतं. त्या बायका लक्ष्मीसाठी थोड्या आणि स्वतःसाठी जास्त रडत होत्या, हे आज मला स्वच्छ दिसतं. एवढ्या बाया विश्वासानं समोर येऊन बसल्या, आणि त्यांना घरी नेण्यासाठी काय दिलं, तर ‘अजून सोसा’. राग आहे तो ह्याचा.

आता आवडत्याकडे वळते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

पहिलं नाव ‘संत तुकाराम’. प्रभातचा, 1936 सालचा, दामले-फत्तेलालांचा. पुण्यात आल्यावर लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी तो पहिल्यांदा बघितला. संतपट म्हणून थोडी अनिच्छेनंच गेले होते आणि जिजाई बघून ताठ बसले. गौरी नावाच्या नटीनं ती केली आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुका आभाळाकडे डोळे लावून असतो आणि जिजाईचे पाय जमिनीत रोवलेले. घरात दाणा नाही, पोर तापानं फणफणलंय, तेव्हा ही बाई एका हातानं पोराला ओढत नि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात जाते, विठोबाला जाब विचारायला! 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्या सिनेमाची वाखाणणी झाली, ते अभिमानानं सांगितलं जातं आणि सांगावंच. पण मला विचाराल तर ते पायताण कुठल्याही पदकापेक्षा मोठं आहे. शेवटी तुका वैकुंठाला चल म्हणतो तर जिजाईला पोरांचं आणि चुलीचं पडलेलं असतं. विमान येतं, तुका जातो, ती मागं राहते. सिनेमा त्या बाईला हसत नाही, तिला उपदेश करत नाही. भक्ती मोठी आहेच, पण पोरांना वेळेवर भाकरी मिळणंही तितकंच मोठं आहे, हे त्या काळच्या सिनेमाला उमजलं होतं. म्हणजे 55 वर्षांनी आलेल्या ‘माहेरची साडी’ला काळाची सबब देता येत नाही.

‘उंबरठा’वरून माझं नि आईचं अजून पटत नाही. 1982 चा, जब्बार पटेलांचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिला सुधारगृहाची नोकरी धरते, लहान मुलीला जावेकडे ठेवून. टीव्हीवर लागला होता तेव्हा आई अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात गेली. ‘पोरीचा काय गुन्हा?’ एवढंच म्हणाली. मी तेव्हा कॉलेजात होते, तावातावानं भांडले. पुढं मला मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना मी ‘उंबरठा’ परत लावला आणि सुलभा सुट्टीला घरी येते, मुलगी तिच्याजवळ यायला कचरते, तिथं थांबवावा लागला. आईच्या प्रश्नाला सुलभाकडेही सोपं उत्तर नाही. तरीही सिनेमा तिला शिक्षा म्हणून मारत नाही किंवा रडवून घरी परत आणून बसवत नाही. सगळं गमावून ती शेवटी रेल्वेत एकटी बसते, तेव्हा तिचा चेहरा ताठ असतो. मला त्या चेहऱ्यानं नोकरीच्या पहिल्या वर्षांत फार आधार दिला, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ लोकांना संथ वाटतो. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, की त्याच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. सरकारी वकील बाई कोर्टात कलमं वाचून दाखवते, त्या म्हाताऱ्या शाहिराचा जामीन अडवते. मग कॅमेरा तिच्या मागोमाग लोकलमध्ये जातो. ती पोराला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाक करते, टीव्हीपुढं बसलेल्यांना वाढते. गीतांजली कुलकर्णींनी हे इतकं सरळ केलं आहे की पोटात गोळा येतो. ही बाई वाईट नाही. थकलेली आहे. आणि तिच्या थकलेल्या हातून दुसऱ्याचं आयुष्य सडतंय. बाईला एकतर देवी नाहीतर कैदाशीण करणाऱ्या सिनेमांनी मला जे कधी दिलं नाही, ते ह्या पाच-सात मिनिटांनी दिलं.

‘अशी ही बनवाबनवी’? आवडतो, मनापासून. कधीही लागला तरी बघते. पुण्यात भाड्याची खोली शोधत फिरलेल्या कुणालाही आवडेलच.

आता ‘सैराट’. करमाळ्याकडची बोली आमचीच, त्यामुळं पहिल्या वाक्यापासून घरात बसल्यासारखं वाटलं. 2016 च्या मे महिन्यात मी सुट्टीला बार्शीला गेले होते, आईला घेऊन गेले. थेटर तुडुंब. ‘झिंगाट’ लागल्यावर पोरं पडद्यापुढं जाऊन नाचली, आईसुद्धा हसत होती. मध्यंतरानंतर मात्र मागून आवाज यायला लागले, ‘लांबलंय राव.’ अजूनही पुष्कळ जण मला सांगतात, पहिला अर्धा भारी, दुसरा रटाळ. माझ्यासाठी सिनेमा तिथंच सुरू होतो. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत येते आणि तिला तिथलं पाणी पिववत नाही, संडासला जाववत नाही. प्रेमाचं गाणं संपल्यावर जे उरतं, म्हणजे पाणी, भाडं, भांडण, संशय, पहिला पगार, ते नागराज मंजुळेंनी घाई न करता दाखवलं. पळून गेलेल्या पोरीचं रोजचं जगणं एवढ्या मायेनं बघणारा दुसरा मराठी सिनेमा मला आठवत नाही. रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी पोर होती. तिनं ती आर्ची कुठून आणली असेल, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

आणि मग शेवट. आर्चीनं आईला फोन केलेला असतो. काही दिवसांनी भाऊ आणि नातेवाईक दारात येतात, आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन. माहेरचा आहेर आलेला असतो. ती हरखते, सगळ्यांना बसवते. त्यानंतर पडद्यावरचा आवाज बंद होतो आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू घरात येतं, ते रक्तात भिजलेल्या पावलांनी परत फिरतं.

‘माहेरची साडी’नंतर बरोबर 25 वर्षांनी कुणीतरी माहेरची गाठोडी पडद्यावर सोडून दाखवली होती. इथं सासू नाही, छळ नाही. मारायला आलेत ते भाऊ, आणि ज्या बापाला 1991 मध्ये आपण रडून माफ केलं तसलाच बाप त्यांच्यामागं गावात बसलेला आहे. रडायला संगीतसुद्धा दिलेलं नाही. (हिंदीत ‘धडक’ केला तेव्हा हा शेवट बदलला, मुलगी जिवंत ठेवली. त्या बदलानं मला हळहळ वाटली नाही, चीड आली. जात आधीच पुसट केली होती, त्यात हेही गेलं.)

दिवे लागले तरी थेटरात कुणी उठेना. मघाशी पडद्यापुढं नाचलेली पोरं खाली मान घालून बसली होती. मी आईकडे बघितलं. ती रडत नव्हती. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

रिक्षात ती काही बोलली नाही. घरी आल्यावर पाय धुतले, देवापाशी दिवा लावला, मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, ‘नको, मला नको.’ रात्री अंथरुणं घातली, दिवा मालवला. मला वाटलं झोपली. तर अंधारात तिचा आवाज आला.

‘चहा ठेवला होता गं तिनं त्यांच्यासाठी.’

थोड्या वेळानं म्हणाली, ‘तुझ्या मावशीला आपण हिरवी साडी दिली होती ना?’

मी ‘हो’ म्हणाले.