तुम्ही विचारलंत म्हणून: तार, पेशी आणि मणी

“संगीताचं काम की सर्किटचं? एक काय ते सांग,” असं मावशी दर दिवाळीला विचारते. मी तोंड उघडायच्या आत काका पुढचा प्रश्न टाकतात: मग आमचा मिक्सर का दुरुस्त करून देत नाहीस? कागदावर माझ्या संशोधनाचे विषय खरंच दोन आहेत. संगणकाने वाद्याचा आवाज घडवणं आणि बिघडल्यावर स्वतःच सावरणारी सर्किटं. ही जोडी जमली कशी, ते एकदा नीट सांगून टाकतो.

तारेपासून सुरुवात करू. 1983 साली केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा आवाज काढायची एक रीत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी की पहिल्यांदा वाचली तेव्हा कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटलं. आकड्यांची एक रांग घ्यायची, तीत वाट्टेल ते आकडे भरायचे. तोंडचा आकडा स्पीकरला द्यायचा, त्याची आणि शेजाऱ्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेपटाला लावायची. बस्स. हे सेकंदाला 44,100 वेळा. सुरुवातीचा खरखराट क्षणात विरतो आणि मागे स्वर उरतो, कारण सरासरीत वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेले उंच स्वर, आधी मरतात, खऱ्या तारेत मरतात तसेच. काळी एकचा षड्ज, म्हणजे साधारण 138.6 हर्ट्झ हवा असेल तर 44,100 ला त्याने भागायचं, रांग 318 आकड्यांची. खर्जाला दुप्पट.

एवढ्याने तानपुरा होत नाही, जवारी लागते. घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पाठीमुळे तारेतून असे स्वरांशही ऐकू येतात, जे छेडायची जागा पाहता यायलाच नकोत. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच हे लिहून ठेवलंय. माझी दोन वर्षं जवारीने खाल्ली, ते पुन्हा कधीतरी.

आता या रांगेत एक आकडा बिघडवा. अवकाशातून आलेला एखादा कण मेमरीतला बिट उलटवतो, 0 चा 1 होतो. स्पीकरमधून ‘टक्’ येतं आणि चुकून तारेला नख लागावं तसं ते विरून जातं. सरासरीच ती चूक पुसून टाकते. चूक कोणती आणि छेडणं कोणतं, हे तारेला कळतच नाही! मुद्दाम बिट उलटवून हे पहिल्यांदा ऐकलं, त्या रात्री माझी शेवटची बस चुकली.

पण आकड्याऐवजी आकडा ठेवायची जागाच नासली तर? एफपीजीए जातीच्या, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं पुन्हा जोडता येणाऱ्या, बहुतेक चिपांमध्ये कुठली जोडणी कुठे, हेही मेमरीतच लिहिलेलं असतं. तिथला बिट उलटला की सर्किटच बदलतं. मग प्रत्येक आकडा प्रत्येक फेरीला तिथे ठेचकाळतो, आणि तार वाजायची सोडून करवादते.

यावर जुना इलाज म्हणजे एकाच कामाला तीन सर्किटं लावून बहुमत घ्यायचं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1956 च्या निबंधात ही वाट दाखवली होती. जागा मात्र तिप्पट लागते, आणि मतं मोजणाराच बिघडला तर काय, हा प्रश्न उरतो. 1990 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये लोझानला, आणि मग इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठात, वेगळा विचार झाला. सर्किट म्हणजे सारख्या पेशी, आणि प्रत्येकीजवळ सगळ्यांच्या कामाचा आराखडा. एक मेली की शेजारणी एसटीच्या बाकावर सरकतात तशा सरकून घेतात, टोकाची राखीव पेशी कामाला लागते. ‘स्वतःला दुरुस्त करणारं’ हे नाव मला जरा फुगवलेलंच वाटतं. मेलेलं काही जिवंत होत नाही. राखीव पेशी संपल्या की खेळ खलास.

या सरकासरकीची परीक्षा घ्यायला तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. दोन आकड्यांमध्ये जेमतेम 22.7 मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात आटोपलं नाही तर कान पकडतोच.

माझ्या आत्याच्या कानाने तर आणखी काही पकडलं. ती सांगलीला गाणं शिकवते. एका प्रयोगात राखीव पेशी संपल्या होत्या, म्हणून मेलेली जागा नुसती वगळली होती. ‘टक्’ नाही, आलेखात खंड नाही, मी खूश. आत्याने डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “जोड हलतीये रे. एक तार चढलीये. मणी सरकव.” तानपुऱ्याची तार बारीक फरकाने सुरात आणायला तिच्यात ओवलेला असतो, तो मणी.

हिशेब केला. जोडीच्या, म्हणजे एकाच षड्जात लावलेल्या दोन तारांपैकी, एका तारेची रांग 318 वरून 317 झाली होती. फरक अर्ध्या हर्ट्झहूनही कमी, पण दोन्ही तारा एकत्र वाजल्या की सव्वादोन सेकंदांनी एक हेलकावा. माझ्या चाचणीत तो मोजायची सोयच नव्हती.

तेव्हापासून पेशी गेली की रांगेला एक छोटा फिल्टर जोडला जातो, तो कमी पडलेला उशीर भरून काढतो. युक्ती डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांची, तीही 1983 चीच. आमच्या कोडमध्ये तिचं नाव ‘मणी’. शोधनिबंधाच्या एका परीक्षकाने हे कशाचं संक्षिप्त रूप आहे, असं लेखी विचारलं होतं. मी ते आत्याला फोनवर वाचून दाखवलं.