जिगिंग, ट्रोलिंग आणि बोट लागणं: मालवणातल्या एका हंगामाची नोंद

हंगाम संपला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पण खरं तर मेच्या शेवटाकडेच समुद्र असा उसळायला लागतो की गाईड स्वतःहून 'आता नको' म्हणतात. रॉड धुऊन पुसून ठेवलेत, रील उघडून पडलेत, म्हणून लिहायला बसलो. खडकावरून आणि जेटीवरून गरवणाऱ्यांपैकी ज्यांनी पुढच्या वर्षी गाईड घेऊन खोल पाण्यात जायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी ही नोंद आहे. ज्यांचं पोट बोटीवर जराही हलत नाही, त्यांनी मजेने वाचावी.

वर्षभरानंतर माझं मत असं झालंय: बोट लागू नये म्हणून गोळी लागतेच, पण तिच्याइतकीच दिवसाची आखणी लागते. निघायचं किती वाजता, तिथी कोणती, आधी जिगिंग (थांबलेल्या बोटीतून जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, तळाला सोडून वर-खाली झटकणं) की आधी ट्रोलिंग (चालत्या बोटीमागून आमिष ओढत नेणं), बोटीत उभं कुठे राहायचं, हे सगळं गाईडशी आदल्या संध्याकाळी बोलून घ्यावं.

नोव्हेंबरात शेअरिंगची बोट होती. पहाटे सिंधुदुर्ग किल्ला बाजूला टाकून निघालो. (किल्ल्याच्या आसपासचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात येतो. गाभा क्षेत्रात गळ टाकू देणारा गाईड मिळाला, तर दुसरा गाईड शोधा.) पहिला तास ट्रोलिंग, इंजिन चालू, तोंडावर वारा, सगळे खुशीत. मग पाण्याखालच्या खडकांवर पोचलो, इंजिन बंद झालं, बोट लाटेला आडवी झाली आणि जिग सोडायला सुरुवात झाली. मला आधी जांभया यायला लागल्या. लवकर उठल्याची झोप असेल असं वाटतं, पण बोटीवरची पहिली जांभई ही बहुतेक वेळा सूचना असते. त्यानंतर तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो, आणि मग कठडा. शेजारच्याच्या रॉडला तेव्हा कोकर लागला होता, चांगला चार-पाच किलोचा. मी तो एका डोळ्याने पाहिला.

शेअरिंगच्या बोटीत अडचण अशी की परत चला म्हणता येत नाही. बाकीच्यांनीही पैसे भरलेले असतात. म्हणून ज्याला बोट लागते त्याने पहिल्यांदा दोन-तीन मित्र मिळून पूर्ण बोट घ्यावी आणि अर्धाच दिवस घ्यावा, हे माझं पक्कं मत आहे. महाग पडतं. पण आठ तास आडवं पडून राहण्यापेक्षा चार तास मासे धरलेले बरे.

हे का होतं ते समजून घेतल्यावर फरक पडला. आतला कान सांगतो की शरीर वर-खाली होतंय आणि डोळे सांगतात की समोरची गाठ, जिग, बोटीची फळी स्थिर आहे. मेंदूचा या दोन साक्षींत मेळ बसत नाही. वर-खाली होण्याचा सगळ्यात त्रासदायक वेग सेकंदाला साधारण 0.2 वेळा, म्हणजे पाच-सहा सेकंदांत एक हेलकावा. म्हणून लाटेची उंची बघून भागत नाही, दोन लाटांमधला वेळही बघावा लागतो. बारा-तेरा सेकंदांची लांब लाट मीटरभर असली तरी बोट सावकाश चढते-उतरते. वाऱ्याने उठलेली पाच सेकंदांची आखूड लाट निम्म्या उंचीची असूनही पोट ढवळून काढते. इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेच्या अंदाजात दोन्ही आकडे मिळतात. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. इथे वारा पडलेला असतो आणि समुद्र मात्र हलत असतो, त्याचं कारण अनेकदा हेच.

जानेवारीत पूर्ण बोट घेतली आणि गाईडही बदलला. हा मूळचा तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, साठीकडे झुकलेला. त्याच्याकडे फिश फाइंडर आहे, पण खडकाची जागा तो अजून किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून ठरवतो आणि मग यंत्राकडे बघून मान हलवतो. त्याने निघताना पहिला प्रश्न मासळीबद्दल विचारला नाही. "पोटात काय घातलंस? उपाशी इलंस तर पयलो तूच आडवो पडतलंस." घरून पेज खाऊन निघालो होतो, ते ऐकून त्याचं समाधान झालं. वाटेत खायला आलेपाक आणि कोरडी बिस्किटं. वडापाव, मिसळ, कालचं तिखट सुक्कं हे सगळं परत आल्यावर.

त्याच्याबरोबर ठरवलेल्या गोष्टी अशा. निघायचं अंधारात आणि खारे वारे जोर धरायच्या आत, साडेदहा-अकराला, परतीला लागायचं. सकाळी मतलई असते तेव्हा पाणी बरंच शांत असतं. दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, धरायचे, अष्टमीच्या आसपासचे. उधाणाला प्रवाह जोराचा, आणि वारा प्रवाहाच्या उलट आला की लाट आखूड आणि उभी होते. देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी हे फार जाणवतं. आता यावर जाणकार म्हणतील की प्रवाह असतो तेव्हाच मासा खातो. बरोबर आहे. भांगाला मला चावे कमी मिळाले. पण उधाणाला नोव्हेंबरात मला एकही मिळाला नव्हता, कारण मी रॉड धरण्याच्या स्थितीतच नव्हतो.

दुसरं, गाठी सगळ्या घरी. ब्रेडला (विणलेल्या मुख्य दोरीला) लीडर (पुढचा जाड दोर) जोडायची एफजी नावाची गाठ हलत्या बोटीत मान खाली घालून बांधण्याइतका वाईट उद्योग नाही. मी आता दोन रॉड पूर्ण तयार नेतो: एक जिगिंगचा, पीई 3 जाडीची ब्रेड आणि 60 ते 100 ग्रॅमचे जिग, दुसरा ट्रोलिंगचा, पुढे वायर लावलेला, कारण सुरमईचे दात नुसता लीडर सहज कापतात. लीडर बांधलेले जादा जिग स्पंजच्या पट्टीवर गुंडाळून ठेवतो. तुटला की क्लिप लावायची, झालं.

तिसरं, जागा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहून फोटो छान येतात, पण तिथेच बोट सगळ्यात जास्त उचलते. मध्याच्या जरा मागे, डिझेलच्या धुराच्या वाऱ्यावर न येता उभं राहायचं. जिग तळाला पोचेपर्यंत सगळे दोरीकडे बघत राहतात. दोरी सैल पडली की बोटांना कळतं, तोवर नजर किनाऱ्यावर ठेवावी. माझी मान खाली गेली की मागून आवाज यायचा, "खाली बघू नको, थंय डोंगराकडे बघ!"

आणि जिगिंग अर्धा तास, मग ट्रोलिंगची एक फेरी, मग परत जिगिंग. बोट चालत असली की पोट सावरतं. या फेऱ्या मी विश्रांती म्हणून मागितल्या होत्या आणि मार्चमधली सगळ्यात मोठी सुरमई अशाच एका फेरीत लागली. रॉड होल्डरमध्ये होता. टोक एकदम पाण्याकडे वाकलं, ड्रॅग (रीलचा ब्रेक) किंचाळायला लागला आणि बघता बघता स्पूलवर मुख्य दोरीखाली गुंडाळलेली रंगीत बॅकिंग दिसली. तांडेलाने वेग कमी केला पण बोट पूर्ण थांबवली नाही, दोर ताणलेलाच ठेवला. गॅफ (मासा वर ओढायचा दांड्याचा आकडा) मारल्यावर लूर, म्हणजे नकली मासा, पाहिला तर मागचा ट्रेबल (तीन टोकांचा) हुक सरळ झालेला. पुढच्या हुकावर मासा आला होता. या लूरचे हुक आता बदलून जाड बसवलेत.

गोळीबद्दल. मी डॉक्टरांना विचारून सिनारिझिन घेतो, निघण्याआधी दोनेक तास. बोटीत बसल्यावर किंवा मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नाही. एका मित्राला प्रोमेथाझिन चालतं, पण तो त्यावर इतका पेंगतो की गॅफ त्याच्या हातात देत नाही. दोन्हींनी झोप येते, म्हणून परतीची गाडी दुसऱ्याने चालवावी आणि आदल्या रात्रीची 'बैठक' रद्द करावी. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा इतर गोळ्या चालू असतील तर दुकानातून परस्पर घेऊ नका. ओन्डॅनसेट्रॉन अनेकजण खिशात ठेवतात. ते इतर उलट्यांवर चांगलं, बोट लागण्यावर त्याचा भरवसा नाही. मनगटाचे पट्टे मी वापरून पाहिले. मला फरक कळला नाही, शोभा म्हणून ठीक.

सवय होते, पण टिकत नाही. सलग तीन दिवस गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी गोळीशिवाय निभावलं. महिनाभराच्या खंडानंतर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पुढच्या हंगामात विखुरलेल्या रविवारांऐवजी सलग सुट्टी टाकणार आहे: पहिला दिवस खाडीत तांब आणि जिताडा, दुसरा जवळच्या खडकांवर, तिसरा निवतीसमोरच्या दीपगृहाच्या बेटांकडे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळाच्या पठाराचं नाव निघालं की आमच्यातले दोघे उड्या मारतात. तिथे रात्र समुद्रावरच काढावी लागेल, म्हणून माझं उत्तर सध्या नाही असंच आहे. कोणी रात्री नांगर टाकून थांबलेल्या बोटीत जिगिंग केलं असेल, तर क्षितिज दिसत नसताना पोट कसं राहिलं तेवढं कळवा.