दादाच्या हाताचे १५ टक्के

दादा हिंगणा एमआयडीसीत वेल्डर. प्लेट पडून उजवं मनगट मोडलं, रॉड टाकला, पण मूठ आवळतच नाही, चहाचा कप पण डाव्या हातानं धरतो. आणि कंपनीच्या डॉक्टरनं सर्टिफिकेटवर लिहिलं काय, तर १५ टक्के अपंगत्व! काहून? मनगट किती वळतं तेवढंच मोजलं, तू काम काय करतो हे विचारलंच नाही, मला राग याचाच आहे.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) अंगठा गेला तर ३० टक्के असं यादीतच ठरलेलं होतं, पण यादीत नसलेल्या दुखापतीत कमाईची ताकद किती गेली हे डॉक्टरला ठरवावं लागायचं, आणि हाताचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नाहीत ना. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डावा हात कापाव्या लागलेल्या सुताराचं नुकसान १०० टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. मग वेल्डिंग होते का?

दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरकडून तपासून घेतलंय, त्यांची साक्ष आणि कंपनीच्या डॉक्टरची उलटतपासणी, दोन्ही कामगार न्यायालयात मागितलंय. वहिनी म्हणते, देतात तेवढे घेऊन मोकळे व्हा. तिचंही खरं आहे, घर तीच चालवते, पण १५ टक्क्यांवर सही आम्ही करणार नाही.