सध्या काय करायलीस?

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. रात्रीचे पावणेबारा.

सुगडं पुजून झाली, शेजारच्या पाच घरी वाण देऊन झालं आणि साडेचारला 'तासाभरात येते' म्हणून स्कूटी काढली. परतले आठ वाजता. सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत. म्हणजे उद्या.

'गेटवर भेटू' असं आमची बॅच दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी दोघं-तिघं येतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं ते १९९४ साली, आजच्याच तारखेला. आम्ही तेव्हा बालवाडीत. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर सोळा वर्षं ज्यांनी मार खाल्ला, पेटलेली घरं पाहिली, त्यांची माणसं आजही गावोगावहून गेट बघायला येतात. त्या गर्दीत आमचं आपलं फुकटात संमेलन. मकई गेटच्या अलीकडेच गाडी लावली, पुढं पायी. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, एका स्टेजवर भीमगीतं, शेजारच्या स्टेजवर भलत्याच गटाचं भाषण, दोन्ही भोंगे एकमेकांच्या तोंडात.

एम.ए. मराठी, २०१३. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. हॉस्टेलवर पेपरच्या वेळापत्रकाआधी टँकरची वेळ पाठ असायची. आम्हाला एकमेकांची नावं उशिरा कळली, आधी गावं. अजूनही मोबाइलमध्ये गावंच सेव्ह आहेत. मी परतूर.

बॅरिकेडपाशी एक फौजदार दोन्ही हात पसरून माणसं मागं सारत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, डावीकडून." मी म्हटलं, "काय रे कळंब?" त्याचा हात हवेतच राहिला. पाचव्या प्रयत्नात निघालेला हा गडी. बंदोबस्त सोडून येता येईना, म्हणून बॅरिकेडच्या वरूनच तिळगूळ दिला. 'संध्याकाळी फोन करतो' म्हणाला. केला नाही.

अंबड पुस्तकाच्या स्टॉलवर भेटली, सोबत सहावीतली मुलगी. आणि भूम आला होता. आल्या आल्या त्यानं विचारलंच, "मग परतूर, सध्या काय करायलीस?"

या 'सध्या'ला आता बारा वर्षं झाली. माझं उत्तर ठरलेलं असतं: कॉलेजवर आहे. खोटं नाही. पुढचं 'तासिका तत्त्वावर' तेवढं गिळते. सेट झाली, पीएच.डी. झाली. पावसाळ्यात नेमणूक, मार्चमध्ये नमस्कार, मे महिन्यात घरी पापड. एका संस्थेच्या मुलाखतीत माझ्या प्रबंधाचं तोंड भरून कौतुक झालं आणि मग म्हणाले, "पुढच्या बोलणीसाठी घरातल्या मोठ्या माणसाला पाठवा." मी तेहतीस वर्षांची होते.

पण आज डोक्यात भूमच बसलाय.

दुसऱ्या वर्षी आम्ही आठ जणांनी मोडीचा वर्ग लावला होता. चौथ्या तासापर्यंत सात गळालो. हा टिकला. मेसमध्ये ताट येईस्तोवर वर्तमानपत्राच्या कडेला आधी आडवी रेघ मारायचा आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घाची फिकीर नाही, हात उचलायचा नाही. आम्ही विचारायचो, पत्र कुणाला धाडतोस, नाना फडणीसाला?

नंतर दोनदा एमपीएससी देऊन त्यानं तहसीलजवळ सेवा केंद्र टाकलं. उत्पन्नाचे दाखले, एक रुपयाचा पीकविमा, लाडक्या बहिणींचे अर्ज. आधारवर पैसेही काढून देतो. सांगत होता, कापूस वेचून वेचून बायकांच्या बोटांवर रेषाच राहत नाहीत, मशीन अंगठा घेत नाही. मग तो आधी फडक्यानं पुसतो. तरी नाही घेतला, तर म्हणतो, "मावशी, अंगठा कपाळावर घासा." तेवढ्या तेलानं उमटतो म्हणे.

मग आलं २०२३, मराठा आरक्षणाचं आंदोलन. मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचे म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाडा निजामाकडं, त्यामुळं जुनं दप्तर उर्दूत, काही मोडीत. साहेबांना दोन्ही येईना. कुणीतरी म्हणालं, तो झेरॉक्सवाला वाचतो. याला रेकॉर्ड रूममध्ये नेऊन बसवलं, शेजारी उर्दूचे एक म्हातारे निवृत्त मास्तर. दिवसभर दप्तराचे रुमाल सोडायचे, पुन्हा बांधायचे. नाकाला फडकं.

"मला जातीचा रकाना बघायला बसवलं होतं," तो म्हणाला, "पण माझी नजर जायची मरणाच्या रकान्यावर. एका गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत एकाच घरातली तीन माणसं, आठ दिवसांत. कारण काय, तर ताप. तिन्ही वेळा ताप. लिहिणाऱ्याचं अक्षर तिसऱ्यांदा जरा बिघडलंय."

बाहेर व्हरांड्यात माणसं उकिडवी बसून असायची. तो लघवीला उठला तरी उभी राहायची. चहाचे पैसे तीन महिने कुणी देऊ दिले नाहीत. "सर म्हणायचे गं मला."

मॅडम तर मला रोजच म्हणतात. पण मी वाचलेल्या एखाद्या ओळीसाठी दाराबाहेर कुणी थांबलंय, असं झालेलं नाही. हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

ते आंदोलन अंबडच्याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून पेटलेलं. त्या वर्षात आमच्या ग्रुपवरून चौघं बाहेर पडले, त्यात ही एक. परत यायला तिनं आठ महिने घेतले. आज भूम हे सगळं सांगत असताना ती शेजारच्या टेबलावरची पुस्तकं चाळत राहिली. तो थांबला तेव्हा म्हणाली, "माझ्या पोरीचं नाव लिही ना मोडीत." विषय तेवढ्यावरच राहिला आणि बरं झालं.

त्यानं एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. मग माझ्या हातातली तिळगुळाची पुडी घेऊन तिच्यावरही एक आख्खी ओळ लिहिली. काय लिहिलंस म्हटलं, तर म्हणे, "तूच वाच. चार तास बसली होतीस की."

आता दिवा लावून बघतेय. सुरुवातीचा 'स' असावा. नंतरचं 'ध्या' आहे की माझ्या मनातलंच, कळत नाही. दहा वाजता फोटो काढून ग्रुपवर टाकला: ओळखा. बावीस एम.ए. मराठी आहेत तिथं. कुणालाही वाचता आलेलं नाही. कळंबच्या फौजदारानं तेवढा अंगठा उमटवलाय.